राखलेला अंगठा

३ जानेवारी

ताई,

आधी आईचं सांग. कंबर मोडली की मांडीचं हाड, ते मला धड कळलंच नाही. परवा फोनवर तू "पडली, पडली" म्हणालीस आणि पुढे शेजारणीचाच आवाज जास्त येत होता. तिच्या फोनवरून घरचं बोलायचं म्हणजे चारचौघांत ओरडून सांगायचं. भावजी गेले आणि पाठोपाठ त्यांचा फोन बंद पडला तो पडलाच. त्यामुळे आता पत्र. तूही पत्रच लिही, आणि हातचं राखून लिहू नकोस.

ऑपरेशन फुकट, पण हाडात घालायची सळई बाहेरून विकत आणून द्यायची, एवढं मात्र ऐकू आलं. मग आणूया की. मी शिलाई मशीनसाठी बाजूला टाकलेले सगळे पाठवलेत. मशीन काय, पुढच्या वर्षी घेईन. आईची मांडी पुढच्या वर्षापर्यंत थांबणार नाही.

या वेळी टेम्पोवाल्या अण्णाच्या हाती दिले नाहीत. माणूस सोन्यासारखा आहे, पण टेम्पो उघडा, आणि वाटेत तो दर मैलाला चहाला उतरतो. एवढी रक्कम त्याच्या खिशात, या विचारानेच मला झोप लागली नसती. सरळ तुझ्या खात्यात टाकले. माझं खातं अजून नाहीच. बँकेतली बाई चांगली होती, बसायला खुर्ची दिली, पण राहत्या पत्त्याचा कागद मागते. माझ्या कार्डावर गावचा पत्ता. घरमालकिणीला म्हटलं, मी इथे राहते असं लिहून द्या. ती म्हणते, तुम्ही पाचजणी भाडेकरू कुठे आहात, तुम्ही तर माझ्या पाहुण्या. पहिल्या तारखेला दारात हात पसरून उभी असते तेव्हा बरी पाहुण्यांची आठवण होत नाही. मग लाँड्रीच्या मालकाला विचारलं. तो म्हणाला, तुझं नाव माझ्याकडे कुठे लिहिलंय? इतकी वर्षं याच्या चादरींना इस्त्री फिरवतेय आणि मी कुठेच नाही.

शेवटी कोपऱ्यावरच्या मोबाईलच्या दुकानातल्या शेठला रोख दिले. त्याने त्याचं कमिशन कापून त्याच्या खात्यातून तुझ्या खात्यात टाकले. फोनवर हिरवी खूण आली, ती मी स्वतः पाहिली. काय बरं वाटलं म्हणून सांगू. आपल्या घरातून पहिल्यांदाच कोणीतरी काम पक्कं केलं असं वाटलं.

आईला सांग, मी येते. लग्नसराईचे कपडे संपले की सुट्टी मागते.

तुझी भिंगरी

९ जानेवारी

भिंगरे,

मांडीचं हाड, अगदी वर, खुब्याजवळ. पडली ती कुठे, तर न्हाणीच्या उंबऱ्यावर, जिथे ती रोज मला "बघून चाल" म्हणायची. आता खिडकीपाशी कॉटवर पडून आहे आणि तिथूनच घर चालवतेय. चूल अशी पेटव, चादर तशी वाळत घाल. हाड मोडलंय, जीभ शाबूत आहे. काळजी करू नकोस.

पैसे आलेत. बँकेची अंगठ्याची पेटी घेऊन तो मशीनवाला दुपारी वाण्याच्या ओट्यावर बसतो ना, त्याने बघून सांगितलं. मग म्हणाला, अंगठा लावा. लावला. लाल दिवा. पुसून लावला. लाल. त्या पोराने माझी दहाही बोटं एकेक करून पेटीवर दाबून पाहिली. मागे रांगेतल्या बायका हसायला लागल्या. शेवटी म्हणाला, "काकू, तुमच्या बोटांना रेघाच नाहीत." मी म्हटलं, तुला माझं भविष्य सांगायचंय की पैसे द्यायचेत?

काही नाही, काजूच्या बीचं तेल बसलेलं असतं बोटांवर. दिवसभर बी फोडायची म्हणजे ते लागणारच. उद्या हात चांगले घासून जाते. सळईचं दुकानही बघून ठेवलंय, दवाखान्याच्या समोरच आहे.

तू जेवतेस ना वेळेवर? अण्णा म्हणाला वाळली आहेस.

तुझी ताई

२१ जानेवारी

ताई,

तुझ्या पत्रात ऑपरेशनचं अवाक्षर नाही. झालं का? झालं असतं तर तू आधी तेच लिहिलं असतंस, तेवढं तुला ओळखते. मग अडलंय कुठे? इथे लाँड्रीत एका बाईच्या सासूचं असंच झालं होतं. ती सांगत होती की म्हाताऱ्या माणसाला असं पाडून ठेवायचं नसतं, पाठ सडते, छाती भरते. ते ऐकल्यापासून माझं कामात लक्ष नाही. काल एक शर्ट जाळला. मालकाने पगारातून कापला.

अंगठ्याचं पुढे काय झालं? घासलास ना?

आईला फोनवर दे म्हटलं तर शेजारीण म्हणते, ती झोपलीय. भर दुपारी?

भिंगरी

२९ जानेवारी

भिंगरे,

झोपलीच होती गं. गोळ्यांनी गुंगी येते.

डॉक्टर म्हणाले सूज उतरू दे. तारीख देतील. मोठ्या डॉक्टरांचा वार असतो, रोज नसतात. सगळं व्यवस्थित होईल. तू शर्ट जाळत बसू नकोस. तुझा पगार आहे म्हणून आम्ही आहोत.

अंगठ्याचं होतंय. थोडा वेळ लागेल.

आई विचारते, भिंगरीचं मशीन आलं का. मी म्हटलं, येतंय.

तुझी ताई

८ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र मी दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहितेय, तरी गोड होणार नाही.

काल अण्णा आला होता. म्हटलं, आमची ताई कशी आहे? म्हणाला, बरी आहे की, कारखान्यात जात नाही, ओट्यावर बसलेली असते, एका अंगठ्याला फडकं बांधून. मी विचारलं, लागलंय का तिला? म्हणाला, लागलेलं तर काही दिसत नाही, उलट आई तिच्या अंगठ्याला तेल चोळत बसते. आणि आई? आई कॉटवरच.

म्हणजे महिना उलटला. आई तिथेच, सळई दुकानातच, आणि तू कामावर जात नाहीस. मग घर कशावर चाललंय, ताई? मला विचारायचं नव्हतं पण विचारते. भावजी गेल्यापासून तू किती ओढाताण केलीस ते मी पाहिलंय, चार दिवस बसून खावंसं वाटलं असेल तर तसं सांग. पण ते पैसे आईच्या हाडाचे होते. मी इथे तळघरात वाफेत उभी राहून ते साठवलेत. माझ्या पोटऱ्यांच्या शिरा बघितल्यास तर ओळखणार नाहीस मला. आणि तू आईकडून तेल लावून घेतेस. मोडलेल्या बाईकडून.

शेठच्या फोनवर हिरवी खूण मी पाहिलीय. पैसे गेलेत. पैसे आलेत. मला फक्त एवढंच सांग, ते आहेत की संपले?

भिंगरी

१३ फेब्रुवारी

भिंगरे,

तू विचारलंस त्याचा राग नाही. मी तुझ्या जागी असते तर मीही तेच विचारलं असतं, आणि कदाचित जास्त वाईट शब्दांत. लपवलं ते मीच. तू एकटी लांब आहेस, तिथे जीव टांगून घेशील म्हणून. आता ऐक.

पैसे आहेत. सगळेच्या सगळे. त्यातल्या छदामालाही मला हात लावता आलेला नाही.

हात घासले. राखेने घासले, दगडाने घासले, लिंबू चोळलं. लाल दिवा. तेल अंगावर बसलेलं नसतं बाई, त्याने कातडीच खाल्लेली असते. माझं खातं उघडलं तेव्हा मी नुसती निवडीला होते, गर वेगळे करायचे आणि डब्यात भरायचे. तेव्हा रेघा होत्या. हे गेल्यावर फोडायला बसले, कारण तिथे मजुरी जास्त. दोन हंगामांत बोटं अशी झाली.

तू म्हणशील, तुला लिहिता येतं, मग सही का नाही केलीस. त्या दिवशी शाळेच्या आवारात खाती उघडायला माणसं आली होती. रांग ही मोठी. दुपारची पाळी सुरू व्हायची होती, उशिरा गेलं की मुकादम परत पाठवतो. खाती उघडणारा म्हणाला, काकू, अंगठाच टेकवा, पटकन होतं. सही करते म्हणणारी एकच होती, मास्तरांची बायको, तिला बाजूला बसवून ठेवलं होतं. मी टेकवला आणि पळत जाऊन पाळी गाठली. त्या दिवशी स्वतःला फार हुशार समजले.

आता मोठ्या गावच्या बँकेत तीन खेपा झाल्या. साहेबांना म्हटलं, अंगठ्याऐवजी सही लावून द्या, ही बघा मी करते सही. म्हणाले, लगेच देतो, फक्त तुमची ओळख पटू दे. कशी पटणार? तर म्हणाले, इथे अंगठा लावा. मी हसले. त्यांना वाटलं मी वेडी आहे. मग म्हणाले, फोनवर नंबर येईल तो सांगा. तो फोन यांचा, मेलेल्या माणसाचा, त्यावर कसला नंबर येतोय. डोळ्यांवरून ओळखणारी पेटी असते म्हणे, ती त्यांच्याकडे बिघडलीय, दुरुस्तीला गेलीय. साहेब वाईट नाहीत. त्यांनी मला चहा पाजला. पण पैसे नाही दिले.

मग कारखान्यातल्या जुन्या बायकांनी सांगितलं, अंगठा राखायचा. म्हाताऱ्या फोडणाऱ्या असंच करतात. पेन्शनची वेळ आली की आधी काही आठवडे अंगठ्याला फडकं बांधायचं, रात्री तेल लावायचं, पाण्यात घालायचा नाही, बीला लावायचा नाही. कातडी नवी येते, रेघा परत येतात. तसा राखायला सुरुवात केली. अंगठा न लावता बी फोडून पाहिली. चार बोटांनी गर अख्खा निघतच नाही, तुकडा पडतो. तुकड्याची मजुरी अर्धी. मुकादम म्हणाला, अंगठा बरा झाला की ये. उचल मागितली. म्हणाला, उचल चालत्या हातांना. बचत गटाचं कर्जही खात्यातूनच. गहाण ठेवायला घरात एक कॉट आहे आणि तिच्यावर आई आहे.

अर्धा आला होता अंगठा. मशीनवाल्याने पाहिलं, म्हणाला, आणखी थोडे दिवस. तेवढ्यात आईला ताप भरला. औषध उधार मिळेना. मी फडकं सोडलं आणि आठवडाभर फोडायला गेले. औषध आलं. अंगठा पुन्हा कोरा झाला. आता परत पहिल्यापासून राखतेय. शेजारीण दोन वेळचं देते, तिला तोंडाळ म्हणू नकोस.

आई तेल लावते कारण तिला तेवढंच करता येतं. मी नको म्हटलं तर रडते. म्हणते, माझ्याचसाठी आहे ना तो अंगठा, मग मीच बघते त्याच्याकडे. तिच्या पाठीला जखम झालीय. हेही मी लपवलं होतं.

तुझी ताई

२० फेब्रुवारी

ताई,

मी माफी मागत नाही, कारण तू लगेच "असू दे" म्हणशील आणि मला ते ऐकवणार नाही. माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

पत्र वाचलं आणि शेठकडे गेले. म्हटलं, पैसे परत मागव. म्हणाला, माझ्याकडून गेले, आता मी कोण? मग बँकेत गेले, तीच बाई होती. तिला सगळं सांगितलं, अंगठा, सळई, आई. म्हटलं, तिला देता येत नसतील तर मला परत द्या. तिने विचारलं, पाठवणारा कोण? मी म्हटलं, मी. तिने बघितलं, म्हणाली, इथे तर दुसऱ्याच माणसाचं नाव आहे, तुमचं आमच्याकडे खातंच नाही. खरंच वाईट वाटलं तिला. पण म्हणजे बघ, तुझे पैसे तुझे नाहीत कारण तू तू नाहीस, आणि माझे पैसे माझे नाहीत कारण मी कोणीच नाही. तिथेच खुर्चीत बसून रडले. रखवालदाराने बाहेर नेऊन बसवलं.

आता ऐक. खोलीतल्या चौघींनी जमेल तेवढे दिले. एकीने कानातलं दिलं, मी नको नको म्हणत असताना. मालकाच्या टेबलासमोर उभीच राहिले, तो जेवून आला तरी उभी होते, शेवटी त्याने अर्ध्या महिन्याचा पगार आगाऊ दिला. सळईला पुरतील की नाही माहीत नाही. डॉक्टरांच्या पाया पड, बाकीचे नंतर देतो म्हण.

हे सगळं पाकिटात घालून अण्णाच्या हाती देतेय. पहिल्याच दिवशी असंच पाठवायला हवं होतं. तो परवा निघतोय. त्याला सांगितलंय, या खेपेला चहाला उतरायचं नाही. तो म्हणाला, नाही उतरत पोरी.

आईला म्हणावं, तग धर. मी पाठोपाठ येतेच.

भिंगरी

१४ मार्च

ताई,

पोचले. मालकाने खाडा धरला, पण कामावर ठेवलं.

निघताना आईच्या रिकाम्या कॉटवर आपण दोघी बसलो होतो, एवढंच आठवतं. गाडीत सगळा वेळ वाटत होतं की मागे वळून धावत यावं आणि तुला काहीतरी विचारावं. काय ते आजही माहीत नाही.

आई मला एकदा बघून गेली असती तर काय बिघडलं असतं. एक दिवस. अण्णा एक दिवस आधी निघाला असता, मी एक दिवस आधी. नाहीतर पहिल्याच दिवशी मी शहाणपणा केला नसता. रात्री खोलीतल्या बायका म्हणतात, तुझी चूक नाही. मग कोणाची ते कोणी सांगत नाही. बँकेतली बाई चांगली, तुझे साहेब चांगले, तो मशीनवालाही पाहिला मी, पोरगंच आहे, मला बघून मान खाली घातली त्याने. सगळे चांगले आणि आई गेली.

मैत्रिणीचं कानातलं परत केलं. तुझ्या खात्यातल्या पैशाचं काय करायचं ते तू बघ. मला ते नकोत. त्यांचं नावही काढू नकोस.

भिंगरी

२ एप्रिल

भिंगरे,

नाव काढू नकोस म्हणालीस, पण काढावं लागतंय.

तू गेल्यावर मी काही दिवस उठलेच नाही. कारखान्यात गेले नाही, चूल पेटवली नाही. शेजारीण यायची, ताट ठेवायची, घेऊन जायची. हात नुसते मांडीवर पडलेले. त्या दिवसाबद्दल तुला सांगितलं नव्हतं, आता सांगते. आईला नेत होते तेव्हा अण्णाचा टेम्पो आला. अंगणात माणसं पाहून तो दाराशीच थांबला. पाकीट खिशातून काढलंच नाही त्याने, तसाच सगळ्यांच्या मागून चालत आला. तुझे पैसे पोचले होते गं. तेवढं तुला कळायला हवं. तो वाटेत कुठेच उतरला नव्हता.

परवा वाण्याकडे मीठ आणायला गेले. मशीनवाला ओट्यावर होता. मला बघून उठून उभा राहिला. म्हणाला, "काकू, एकदा लावून बघता?" मला काही नको होतं. पण त्याचा चेहरा इतका उतरलेला होता की त्याचं मन मोडवेना. फडकं सोडलं आणि अंगठा टेकवला.

पहिल्याच वेळेला लागला. हिरवा दिवा. घासावा लागला नाही, पुसावा लागला नाही. पोराने पैसे मोजले आणि माझ्या हातात ठेवले, आणि आम्ही दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही.

घरी येऊन उजेडात अंगठा पाहिला. किती बारीक रेघा असतात, मला माहीतच नव्हतं. एकात एक, एकात एक, मध्यभागी अगदी लहान. आई तापात असायची, तरी अंगठा सोडायची नाही. शेवटच्या रात्री तेल संपलं होतं, तर नुसतीच चोळत बसली. म्हणाली, येतंय बघ, बोटाला लागतंय मला. मी म्हटलं, आई झोप आता. मला वाटलं तापात बोलतेय.

पैसे अण्णाच्या हाती पाठवतेय. शिलाई मशीन घे. नको म्हणू नकोस, आईने शेवटपर्यंत तेच विचारलं.

मी उद्यापासून कारखान्यात जातेय. मुकादमाने निरोप पाठवलाय की ये. या महिन्यापासून मजुरी हातात देणार नाहीत, सगळ्यांची खात्यात जमा होणार, आणि जिला हवी तिने मशीनवाल्याकडून अंगठा लावून काढायची. बायका विचारतात, कसं करायचं? बी फोडली तर अंगठा जातो, अंगठा राखला तर बी फुटत नाही. मुकादम म्हणाला, ते तुमचं तुम्ही बघा.

आज रात्रीपुरत्या आहेत रेघा. फडकं बांधलेलं नाही. मघापासून दुसऱ्या हाताचं बोट त्यांच्यावरून फिरवतेय. आईच्या बोटाला लागल्या होत्या त्या खरंच. ती तापात बोलत नव्हती.

तुझी ताई